पायथ्याशी थांबणारी गाडी

आमच्या टेकडीवर तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. ती हॅलोताई. नोकरी लागली तेव्हा सुरुवातीला ते वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घराचं दार वाजलं तरी आतून आवाज यायचा, "हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स सेवा, काय झालंय?" एकदा तिच्या आईने बाहेरूनच उत्तर दिलं, "काही झालं नाही, दोन्ही हातांत पिशव्या आहेत, दार उघड!" शेजारणीने ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या टेकडीवर नामकरण होऊन गेलं.

टेकडी म्हणजे बंदराच्या मागचा चढ. आमच्या पणजोबांना बंदर बांधायला बोटीत भरून आणलं होतं. बंदर बांधून झालं, पण त्यांना परत न्यायचं काही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून आम्ही वर आणि शहर खाली. आम्ही रंगाने काळे, केसांनी कुरळे, आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आमचा आवाज जरा वर जातो. शहरातले लोक सभ्य आहेत, आम्हाला काळे म्हणत नाहीत. 'टेकडीवरचे' म्हणतात. अर्थ तोच.

हॅलोताईचे वडील बंदरात क्रेन चालवायचे. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून उठताना ते छाती धरून खाली बसले. शेजारच्या गादीवाल्या काकांनी फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स आलीही लवकर. पण आली ती पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि तिथेच उभी राहिली. वरचा दिवा फिरतोय, इंजिन चालू आहे, पण गाडी हलत नाही. ताई धावत खाली गेली. आतला ड्रायव्हर म्हणाला, "पोलिसांची गाडी आल्याशिवाय वर जायची परवानगी नाही, बाळ. निघालेत, येतीलच." पोलीस काही आले नाहीत. शेवटी गादीवाल्या काकांनी आणि चार माणसांनी वडिलांना गादीवर घालून उतारावरून खाली आणलं. टाकीपाशी पोचेपर्यंत त्यांचा श्वास थांबला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसून होता आणि त्याच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं.

नियम कुठून आला, तेही सांगतो. फार वर्षांपूर्वी टेकडीवर कुणीतरी दगड मारून एका अ‍ॅम्ब्युलन्सची काच फोडली होती. कुणी फोडली ते कधी कळलं नाही. त्यानंतर आदेश निघाला, की टेकडीवर गाडी पोलिसांसोबतच जाईल. आता गंमत बघा. स्टेडियमच्या रस्त्यावर एकदा मॅच हरल्यावर लोकांनी अख्खी अ‍ॅम्ब्युलन्स पेटवली होती. त्या रस्त्याला कुठलाही नियम लागला नाही. तिथे म्हणे पोरांचा राग अनावर झाला होता. आमचा दगड मात्र आमच्या रक्तातून आला होता.

ताईने कंट्रोल रूममधल्या नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा गादीवाले काका म्हणाले, "ज्यांनी तुझ्या बापाला खाली ताटकळत ठेवलं, त्यांच्याकडे पगाराला हात पसरणार?" ताई म्हणाली, "हात नाही पसरणार काका. हात घालणार आहे." काकांना ते पटलं नाही. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

मुलाखतीत सगळं चांगलं चाललं होतं. मग कुणीतरी पत्ता विचारला आणि टेबलाच्या पलीकडच्यांनी एकमेकांकडे बघितलं. घेतलं मात्र तिला. नंतर एक सहकारी हसत हसत म्हणाला, "तुझा आवाज छान आहे, आणि फोनवर रंग थोडाच दिसतो!" त्याला वाटलं आपण कौतुक केलं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिने ते बघितलं. कॉल आला, की पत्ता स्क्रीनवर येतो आणि जवळची गाडी निवडायची. टेकडीवरचा पत्ता आला, की त्याच्यापुढे आपोआप एक लाल खूण उमटायची: पोलीस सोबत आवश्यक.

"हे कोण टाकतं?" ताईने विचारलं.

"कुणी टाकत नाही. आपोआप येतं," शिकवणारी बाई म्हणाली.

"पण पहिल्यांदा कुणीतरी टाकलं असेलच ना?"

"सिस्टिममध्ये आहे ते."

"मग सिस्टिमला भेटायचं असेल तर कुठे जायचं?"

बाईंना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. ताई चेष्टा करत नव्हती. तिने खरंच शोधायला सुरुवात केली. आधी ती कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडमकडे गेली. मॅडम शांत, कामाला चोख, कुणाला टाकून बोलणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, "मलाही हे आवडत नाही ग. पण उद्या ड्रायव्हरचं डोकं फुटलं तर? ड्रायव्हर लोकच तयार होणार नाहीत." ताई ड्रायव्हरांकडे गेली. ते म्हणाले, "आम्हाला कुणी विचारलंय कधी? पोलिसांचा आदेश आहे." पोलीस चौकीत गेली, तर हवालदार वैतागून म्हणाला, "आम्हाला काय हौस आहे? अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचीच मागणी आहे." ही टोलवाटोलवी बघून ती घरी येऊन आईला म्हणाली, "आई, वाईट माणूस शोधायला गेले होते. एकही सापडला नाही. सगळे चांगले आहेत, आणि माणसं मरतायत."

आई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉंड्रीत कामाला होती. बोलणं कमी आणि जे बोलेल ते इस्त्री केलेलं. ती म्हणाली, "चांगली आहेत ना? मग त्यांना घरी बोलाव. चांगल्या माणसांना चहाला बोलवायला काय जातंय?"

पण त्याआधीचे दिवस फार कठीण गेले. टेकडीवरून कॉल आला आणि तो ताईच्याच कानात पडला, तर पलीकडचा माणूस आवाज ओळखायचा. "ताई, तू आहेस ना? मग पाठव की ग गाडी! आपली माणसं आहेत!" ताई गाडी पाठवायची, पोलिसांना कळवायची आणि फोनवरून जमेल तो धीर देत राहायची. पोलीस काही यायचे नाहीत, गाडी टाकीपाशी उभी. इकडे लोक म्हणायला लागले, खुर्ची मिळाली आणि टेकडी विसरली. भाजी घ्यायला गेली, तर बायका पाठ फिरवायच्या. तिकडे कंट्रोल रूममध्ये डबा खायला बसली, की शेजारची खुर्ची हमखास रिकामी राहायची. तिने नोकरी सोडायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा आईने विचारलं, "तुझ्या खुर्चीवर मग कोण बसेल?" आणि ताई सकाळी पुन्हा बसची वाट बघत उभी राहिली.

चहाचं पहिलं आमंत्रण गेलं मिशीकाकांना. ड्रायव्हरांमधले सगळ्यांत जुने, निवृत्तीला टेकलेले. वडिलांच्या वेळी टाकीपाशी थांबलेली गाडी त्यांचीच होती. ताईने पहिल्याच दिवशी त्यांना ओळखलं होतं, पण बोलली नव्हती.

"काका, सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी या चहाला."

मिशीकाका गडबडले. "टेकडीवर?"

"हो. एकटे येता की पोलीस घेऊन?"

बाकीचे ड्रायव्हर फिदीफिदी हसले आणि काकांची माघार घ्यायची वाटच बंद झाली. आले बिचारे. बायकोने काळजीने मोठी छत्री हातात दिली होती, ऊन-पाऊस काही नसताना. टाकीपासून वर चालत येताना प्रत्येक दारातून डोळे त्यांच्यावर. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

दार आईने उघडलं. ताईने दोघांची ओळख करून दिली. काका उंबऱ्यावरच थांबले आणि छत्रीची मूठ आवळत म्हणाले, "वहिनी, मी आत यायच्या आधी एक सांगायचंय. त्या दिवशी गाडीत मी..."

"माहितीय मला," आई म्हणाली. "तुमचे हात स्टिअरिंगवर होते. बघितलं होतं मी. आता त्या हातांत कप धरा, चहा निवतोय."

काका आत आले. कप दोन्ही हातांनी धरला. मग एकदम म्हणाले, "रस्ता तर चांगला रुंद आहे की हो इथवर! आम्हाला सांगतात, गाडी वर गेली तर अडकेल, वळायला जागा नाही." आई म्हणाली, "जागा आहे. गादीवाल्यांच्या दुकानामागे." पण ती जागा दाखवायला गादीवाल्यांनाच सांगावं लागणार होतं, आणि ते तर ताईशी बोलत नव्हते. आई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. काय बोलली कुणास ठाऊक. गादीवाले आले, कुणाकडे न बघता म्हणाले, "चला," आणि त्यांनी मिशीकाकांना दुकानामागची मोकळी जागा दाखवली. मिशीकाकांनी पावलं टाकून अंदाज घेतला, हवेतच स्टिअरिंग फिरवून बघितलं आणि म्हणाले, "डोळे मिटून वळवेन." गादीवाले पहिल्यांदाच हसले. "डोळे उघडेच ठेवा. माझ्या गाद्या वाळत असतात."

त्यानंतर एकेक करून बरेच ड्रायव्हर येऊन गेले. कुणी चहाला, कुणी नुसतं बघायला. एकाने तर बायकोसाठी उशाच विकत नेल्या. टेकडीवरही हालचाल सुरू झाली. आमच्या गल्ल्यांना नगरपालिकेने कधी नावं दिली नव्हती, घरांना नंबर नव्हते. फोनवर पत्ता सांगायचा म्हणजे 'निळ्या दाराच्या पुढे, बकरी बांधलेली असते तिथे' आणि नेमकी त्या दिवशी बकरी चरायला गेलेली. बायकांनी रंगाचे डबे आणले आणि घराघरावर ठळक नंबर घातले. गल्ल्यांना आपणच नावं दिली: गादी गल्ली, शिलाई गल्ली, चढाची गल्ली. एका गल्लीचं नाव भांडणातच राहिलं, म्हणून तिला भांडण गल्ली म्हणतात, अजूनही.

लाल खूण मात्र जिथल्या तिथे होती. ताईने मॅडमना सांगितलं, ड्रायव्हर यायला तयार आहेत. मॅडम म्हणाल्या, "मी वर कळवलंय." वर म्हणजे किती वर, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग तो दिवस आला. भर दुपार. शहरात मोठा सामना होता आणि झाडून सगळे पोलीस स्टेडियमकडे. ताईच्या कानात कॉल वाजला.

"हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स सेवा, काय झालंय?"

पलीकडून घोगरा आवाज आला. "तू आहेस होय." गादीवाले काका. "सूनबाईला कळा सुरू झाल्या, पण रक्त जातंय ग. फार जातंय. थांबत नाहीये."

"काका, मी आहे. तिला डाव्या कुशीवर झोपवा, अंगावर पांघरूण घाला. फोन ठेवू नका. गाडी काढते."

जवळची गाडी मिशीकाकांची होती. ते निघाले. लाल खूण उमटली. पोलिसांकडून उत्तर आलं, सध्या गाडी नाही, वाट बघा. आणि पाठोपाठ वायरलेसवर मिशीकाका: "टाकीपाशी पोचलोय. पोलीस कुठे आहेत?"

ताईच्या एका कानात गादीवाल्यांच्या घरातलं कण्हणं, दुसऱ्या कानात मिशीकाकांच्या गाडीचं इंजिन. ती म्हणाली, "काका, पोलीस नाहीत. कधी येतील सांगता येत नाही."

"म्हणजे मी थांबू?"

सगळी खोली ऐकत होती. मॅडम जागेवरून उठून ताईच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. 'जा' म्हणायचा अधिकार ताईला नव्हता. तिने डोळे मिटले आणि अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "काका, नियम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. वर कोण आहे तेही माहीत आहे. वर जा. जबाबदारी माझी."

"तुझी एकटीची कशाला? माझे हात काही मोडलेले नाहीत," काका म्हणाले, आणि सायरन सुरू झाला.

तो सायरन वर चढताना आम्ही पहिल्यांदा ऐकला. सांगून खरं वाटणार नाही, पण माणसं घराबाहेर येऊन रडत होती, आणि रडता रडता रस्ता मोकळा करत होती. हातगाड्या उचलल्या, दोऱ्यांवरचे कपडे ओढून काढले, वाळत घातलेल्या गाद्या भिंतीवरून पलीकडे फेकल्या. दुकानामागे गाडी वळली ती एका दमात. सूनबाईला स्ट्रेचरवर घातलं. गाडी उतारावरून खाली गेली तेव्हा गादीवाल्यांच्या हातात फोन तसाच होता आणि ते त्यात ओरडत होते, "नेलं! ताई, नेलं तिला!"

पोरगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, जरा आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी मिशीकाका आणि ताई दोघेही निलंबित झाले. कारण: नियमाचा भंग. ताई घरी आली आणि पायरीवर बसून राहिली. आई येऊन शेजारी बसली.

त्या सकाळी कंट्रोल रूममध्ये काय झालं, ते तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवणाऱ्या सहकाऱ्यानेच नंतर येऊन सांगितलं. कामाची पाळी सुरू झाली. वायरलेसवर एका ड्रायव्हरचा आवाज आला: "मी कामावर हजर. टेकडीवर जायला तयार, पोलिसांशिवाय." मॅडम म्हणाल्या, "हे काय?" तोवर दुसरा: "मीही हजर. टेकडीवर जायला तयार, पोलिसांशिवाय." मग तिसरा. मग बंदराकडचा, मग स्टेडियमकडचा. एकामागून एक, सगळे. एकही गाडी बंद पडली नाही, एकाही रोग्याला नाही म्हटलं नाही. फक्त इतकंच सांगत राहिले, की बोलावणं येईल तिथे जाणार, आणि निलंबित करायचंच तर सगळ्यांना करा. शेवटचा आवाज थांबला. मग मॅडमनी फोन उचलला आणि 'वर' लावला. म्हणाल्या, "आज मी कळवत नाहीये. मी स्वतः येतेय."

चौकशी नगरपालिकेच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. टेकडीवरून आम्ही इतके गेलो, की खुर्च्या पुरेनात. बायका लॉंड्रीच्या कामावरून तशाच आल्या होत्या. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार?"

ताई उत्तर द्यायला उठणार, तोच आई उभी राहिली. "साहेब, घरात माणूस मरायला टेकलं, की आम्ही तुम्हाला बोलावतो. त्याला वाचवायला येणाऱ्याला दगड कोण मारेल? आणि कुणी मारायला निघालाच, तर आधी त्याला माझ्यासमोरून जावं लागेल." अख्खा हॉल हसला. अध्यक्षांनाही हसू आवरलं नाही, आणि आईच्या दंडाकडे बघून त्यांना हमी पटली असावी.

मग ताई बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "स्टेडियमपाशी गाडी जाळली, तिथे तुम्ही म्हणालात काही टवाळ पोरांनी जाळली. आमच्याकडे एक काच फुटली, तर टेकडीने फोडली म्हणालात. त्यांची पोरं, आमची टेकडी. एवढाच फरक आहे साहेब. तो या नियमात लिहिलेला नाही, पण नियम त्याच्यावरच उभा आहे."

मिशीकाकांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. ते उठले, "मी वर गेलो, खाली आलो. मधे कुणी मला मारलं नाही. एका म्हातारीने गालाला हात लावला, तेवढंच," म्हणाले आणि बसले. शेवटी मॅडम उठल्या. "हा नियम दर वर्षी चालू ठेवायची शिफारस माझ्या सहीने जाते. सवयीने जाते. या वर्षी जाणार नाही."

समिती आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा अध्यक्षांनी सांगितलं, दोघांचं निलंबन रद्द आणि टेकडीवरची लाल खूणही रद्द. आम्ही ओरडलो, टाळ्या वाजवल्या. ताई मात्र उभीच होती. "आणि बाकीच्या?" तिने विचारलं. अध्यक्षांना कळेना. "गोदीच्या चाळी, खाणीची वस्ती. तिथेही लाल खुणा आहेत. आमच्या एकट्यांची काढून घेऊन मी घरी नाही जाणार." अध्यक्षांनी शेजारच्यांकडे बघितलं, शेजारच्यांनी मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." सगळ्या खुणा गेल्या.

कंट्रोल रूममध्ये संगणक सांभाळणाऱ्या माणसाने सगळ्यांदेखत त्या काढल्या. दोन-चार बटणं दाबली, झालं. "एवढंच?" ताईसोबत आलेल्या आईने विचारलं. तो म्हणाला, "एवढंच." आई हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मग तिने लेकीच्या खुर्चीवर बसून बघितलं, हेडफोन कानाला लावला आणि म्हणाली, "जड आहे की ग हे."

त्या संध्याकाळी टेकडीवर जो गोंधळ झाला, तो काय सांगावा. मिशीकाकांना खांद्यावर घ्यायला गेले, तर ते ओरडले, "उतारावर नको, उतारावर नको!" गादीवाल्यांनी ताईच्या घरी नवी कोरी गादी पोचती केली. दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, मी चुकलो." ताई म्हणाली, "काका, आत या, बसून बोला," आणि त्यांना त्याच गादीवर बसवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळं आलबेल झालंय असं नाही. बँकेत टेकडीचा पत्ता सांगितला, की कारकुनाच्या कपाळावर अजून आठी पडते, आणि शाळांचं वेगळंच रडगाणं आहे. ताई आता नव्या लोकांना शिकवते, आणि रिकाम्या वेळात बँकेच्या साहेबांना चहाला बोलावते. अजून ते आलेले नाहीत. येतील.

अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला टेकडीवरची पोरंपोरी लागली. त्यातली पहिली मुलगी चढाच्या गल्लीतली. परवा तिला बंगल्यांच्या भागातून बोलावणं आलं. एका आजीबाईंना दम लागला होता. घरात त्या एकट्याच. दार उघडलं, समोर हिचा काळा चेहरा आणि कुरळे केस बघून आजीबाई क्षणभर थबकल्या. मुलीने फक्त हात पुढे केला. आजीबाईंनी तिच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, मग आपली पर्स तिच्या काखेत खुपसली आणि दंडाला घट्ट धरून म्हणाल्या, "चल बाई, पण हळू चालव. मला गाडी लागते."

"काळजी करू नका आजी," ती म्हणाली. "उतारांवर शिकलेय मी."